कळी गुलाबी झाली आणि पहाटे उणे दोनचा अंदाज: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठेक झाडांची बाग. बहुतेक सफरचंद, थोडे पीच, दोन-तीन जर्दाळू. हिवाळा सरता सरता तीन आठवडे अवेळी ऊब पडली. जर्दाळूची फुलं गळून बोराच्या बीएवढी हिरवी फळं दिसू लागली, पीच ऐन फुलात आहे, सफरचंदाची कळी गुलाबी झाली आहे. आणि आता चार दिवसांनी पहाटे उणे दोन अंशांचा अंदाज आला आहे. धूर करू का, रात्रभर पाणी मारू का, की नशिबावर सोडून झोपू?

झोपू नका, पण धूरही करू नका. पाण्याचं मात्र एका वाक्यात सांगता येत नाही, कारण पाण्याने बाग वाचते तशी मरतेही, आणि मी दोन्ही स्वतःच्या हाताने केलं आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढा. तुमचा शत्रू ती उणे दोनची पहाट नाही. ऐन हिवाळ्यात याच झाडांनी उणे पंधरा सोसलं असेल आणि त्यांच्या डोळ्यांना, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या अंकुरांना, काही झालं नसेल. घात केला तो त्या तीन उबदार आठवड्यांनी. या फळझाडांचे डोळे शरद ऋतूपासून झोपलेले असतात आणि त्यांना उठवायला आधी थंडीच लागते. साधारण ० ते ७.२ अंशांमधले तास मोजायची जुनी पद्धत आहे. बऱ्याचशा सफरचंदांना असे आठशे-हजार तास किंवा त्याहून जास्त लागतात. पुढे १९७४ साली अमेरिकेतल्या युटामध्ये जास्त बारकाईचं गणित मांडलं गेलं. त्यात मधल्या उबदार दिवसांचे गुण वजा होतात, म्हणजे ऊब पडली की जमवलेली थंडी थोडी पुसली जाते. हा थंडीचा हिशेब पुरा झाला की डोळा उठायला मोकळा. त्यानंतर तो फक्त ऊब मोजतो. कॅलेंडर त्याला कळत नाही. जर्दाळूला त्यानंतर फारच थोडी ऊब पुरते, म्हणून तो दर वर्षी सगळ्यात आधी फुलतो आणि सगळ्यात जास्त वेळा मार खातो.

एकदा डोळा हलला की त्याची सोसण्याची ताकद पायरीपायरीने उतरते, आणि हे आकडे माझ्या पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेले असतात. सफरचंदाच्या डोळ्याचं टोक नुसतं रुपेरी झालेलं असताना उणे ९.४ अंशांवर अर्धा तास काढला तर दहातला एखादा डोळा मरतो. हिरवं टोक दिसलं की तीच मर्यादा उणे ७.८ वर येते. अर्धा इंच हिरवं झालं की उणे ५. कळ्यांचा घट्ट घोस दिसला की उणे २.८. आणि गुलाबी कळीपासून पूर्ण फुलापर्यंत, पाकळ्या गळेपर्यंत, उणे २.२. म्हणजे तुमची सफरचंदं आज जिथे आहेत तिथून पुढे आकडा जवळजवळ हलत नाही. दहातली नऊ मरायला याच अवस्थेत उणे ३.९ ते ४.४ लागतं. पीचचं फूल किंचित चिवट, उणे २.८ ला दहा टक्के आणि उणे ४.४ ला नव्वद. जर्दाळूच्या कोवळ्या फळाला फुलाइतकंही सोसवत नाही. त्याचं उणे २.२ पासूनच सुरू होतं.

आता या दोन आकड्यांमधलं अंतर बघा. उणे २.२ ला दहा टक्के आणि उणे ३.९ ला नव्वद. पावणेदोन अंश, बस्स. पण अंदाजातलं ‘उणे दोन’ हे तुमच्या बागेतलं उणे दोन नसतं, आणि नेमका तिथेच हे पावणेदोन अंश हरवतात. अंदाजातलं तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरच्या, झाकलेल्या, वाऱ्याला मोकळ्या पेटीतलं असतं. उघड्या आकाशाखाली फूल स्वतःची उष्णता थेट आकाशात फेकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही एखादा अंश थंड होतं. त्यात थंड हवा जड. ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळत येते आणि खोलगट जागेत साचते. एकाच बागेत वरच्या बांधाशी उणे अर्धा आणि खालच्या कोपऱ्यात उणे तीन मी स्वतः मोजलं आहे, एकाच मिनिटाला, दोन माणसं दोन टोकांना उभी करून.

त्यामुळे आजचं पहिलं काम थर्मामीटर. एक नव्हे, निदान तीन. सगळ्यात खालचा कोपरा, मध्य आणि सगळ्यात वरची जागा. फुलांच्या उंचीवर, खोडाला न टेकवता, वर छोटं छप्पर करून टांगा. टांगण्याआधी तपासा: बर्फ कुटून भांड्यात भरा, थोडं पाणी घाला, ढवळा, थर्मामीटर त्यात पाच मिनिटं धरा. शून्य दाखवायला हवं. एका दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या माझ्या दोन थर्मामीटरमध्ये पावणेदोन अंशांचा फरक निघाला होता. हो, तेच पावणेदोन. जो चुकतो तो फेकून द्यायची गरज नाही. त्याची चूक चिकटपट्टीवर लिहून त्यालाच डकवा.

दुसरं, कोणत्या जातीची थंडी येते आहे ते ओळखा. एक थंडी रात्र निरभ्र असली, वारा पडला की जमिनीतून वर निघून जाणाऱ्या उष्णतेमुळे पडते. या रात्री खाली गार आणि दहा-पंधरा मीटरवर त्यापेक्षा ऊबदार हवेचं छत असतं. दुसरी थंडी बाहेरून येते, वाऱ्यावर स्वार होऊन, गार हवेची अख्खी लाट. तिच्यात वर छतबित काही नसतं. सगळीकडे सारखंच गार. पहिल्या जातीशी माणूस लढू शकतो. दुसऱ्या जातीपुढे फारसं काही चालत नाही, आणि वाऱ्यात पाणी मारणं तर आगीत तेल ओतण्यासारखं. चार दिवसांनंतरच्या अंदाजात वारा आणि ढग काय सांगतात ते बघा. ढग असतील तर निम्मी चिंता सोडा. ढग म्हणजे बागेवरची गोधडी.

तिसरा आकडा, ज्याच्याकडे बहुतेक लोक बघतच नाहीत, तो म्हणजे दवबिंदू, हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन पडू लागते तो. हवा कोरडी असेल, दवबिंदू उणे सहा-सात असेल, तर रात्री तापमान दगडासारखं खाली जातं आणि अडवायला काहीच नसतं. दवबिंदू शून्याच्या आसपास असेल तर दव पडायला लागतं, दव पडताना उष्णता सुटते, आणि उतरण मंदावते. गवतावर पांढरं गोठलेलं दव दिसलं की लोक घाबरतात. मला उलट काहीच पांढरं न दिसता थर्मामीटर उणे तीन दाखवतो त्या पहाटेची भीती वाटते. सकाळी बाग नेहमीसारखी हिरवी दिसते आणि दुपारी काळी पडते.

आता चार दिवसांत काय करायचं. तुमच्या हातात खरी ताकद इथे आहे, रात्री दोन वाजता नाही.

जमीन भिजवा. आजच, थंडीच्या आदल्या संध्याकाळी नव्हे. वरची फूटभर माती नीट ओली करायची, पण पाणी साचू द्यायचं नाही. ओली, दाबून बसलेली, उघडी माती दिवसाचं ऊन पिते आणि रात्री परत देते. कोरड्या भुसभुशीत मातीत हवेच्या पोकळ्या असतात, ऊन आत मुरतच नाही. म्हणून या आठवड्यात कुळव, नांगर काही लावू नका. गवत असेल तर जमिनीलगत कापा आणि कापलेलं उचलून बाहेर टाका. झाडाखाली पेंढ्याचं आच्छादन असेल तर तेही तात्पुरतं बाजूला सारा. आच्छादनामुळे मुळांना थंडी लागत नाही हे खरं, पण तेच आच्छादन जमिनीची ऊब फुलांपर्यंत जाऊ देत नाही. या सगळ्याने मिळून अर्धा-एक अंश पदरात पडतो. ऐकायला किरकोळ. पण वरचा पावणेदोन अंशांचा हिशेब आठवा आणि मग ठरवा.

मग बागेच्या खालच्या कडेला जा आणि थंड हवेला बाहेर पडायला वाट आहे का ते बघा. दाट कुंपण, रचून ठेवलेल्या फांद्या, पेट्यांची थप्पी, बंद पत्र्याचं फाटक यांतलं काहीही हवेला बांध घालतं. माझ्या बागेत एका कोपऱ्यात सलग काही वर्षं फळ लागत नव्हतं. कलम बदललं, खत बदललं. शेवटी कळलं की तिथलं कुंपण खालपर्यंत इतकं दाट झालं होतं की रात्री तिथे थंडीचं तळं भरत होतं. खालून गुडघाभर उंचीपर्यंत कुंपण विरळ केलं, फाटकाचा खालचा पत्रा काढला, आणि तिथलं तापमान शेजारच्या ओळीइतकं झालं. त्या कोपऱ्याला मी उगाच बदनाम केलं होतं. उदबत्ती पेटवून शांत पहाटे अशा जागी धरा. धुराची रेघ हवा कुठे वाहते ते चोख दाखवते. धुराचा मला मान्य असलेला उपयोग हा एवढाच.

मोठ्या धुराबद्दल आता बोलतोच. ओला पाला, टायर, भुसा जाळून बाग धुराने भरून टाकायची ही जुनी समजूत जगभर आहे. उष्णता जमिनीतून आकाशाकडे ज्या लांब लहरींनी जाते त्यांना धुराचे बारीक कण अडवतच नाहीत. डोळ्यांना ढगासारखं दिसतं, पण ते ढगाचं काम करत नाही. वर सकाळी हाच धूर उन्हाला अडवतो आणि बाग उशिरा तापते. टायर तर कधीच नको, विषारी असतो तो धूर. विस्तव मात्र वेगळा. विस्तवाने हवा तापते, पण तो बारीक आणि पुष्कळ असायला हवा. एक मोठी होळी पेटवली तर तिची गरम हवा वरचं ऊबदार छत फोडून निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. म्हणजे तुम्ही स्वतः थंडी बोलावलीत. द्राक्षमळ्यांत ज्या मोठ्या मेणाच्या मशाली लावतात त्या हेक्टरी तीन-चारशे किंवा त्याहून जास्त असतात, ते यासाठीच. साठ झाडांना तीस-चाळीस छोटे विस्तव रात्रभर सांभाळणं तीन माणसांचं काम आहे. माणसं असतील तर कडेच्या ओळींना जास्त, मध्ये कमी, असं करा.

छताची ऊबदार हवा खाली ओढणारे मोठे पंखे उत्तम चालतात. एक पंखा साधारण चार हेक्टर सांभाळतो, पण साठ झाडांसाठी तो विचार करण्यात अर्थ नाही. तुमचे दोन-तीन जर्दाळू लहान असतील तर त्यांना हलकं कापड झाका, संध्याकाळ व्हायच्या आत, कडा जमिनीपर्यंत आणून. खोडाला लाडवासारखं गुंडाळू नका. ऊब झाडातून नाही, जमिनीतून यायची असते. प्लॅस्टिक असेल तर ते फुलाला टेकू देऊ नका, टेकलेली फुलं हमखास जातात. सकाळी काढायला विसरू नका.

आता पाणी.

पाण्याने बाग कशी वाचते हे नीट समजल्याशिवाय नळाला हात लावू नका. पाणी गोठताना उष्णता सोडतं, ग्रॅममागे ८० कॅलरी. फुलावर सतत नवं पाणी पडत आणि गोठत राहिलं तर बर्फ आणि पाणी यांचं मिश्रण शून्यावर अडून राहतं आणि आतलं फूल उणे दोनच्या खाली जात नाही. बर्फ गोधडीचं काम करतो हे चुकीचं आहे. काम करतं ते गोठणारं पाणी. पाणी थांबलं की बर्फ नुसता बर्फ. आणि हेच पाणी वाफ होताना उलट उष्णता खेचतं, ग्रॅममागे सुमारे ६००. म्हणजे एक थेंब वाळला तर त्याची भरपाई करायला साडेसात थेंब गोठावे लागतात. कोरड्या हवेत, वाऱ्यात, कमी पाण्यात हा हिशेब उलटा फिरतो.

माझ्यावर तो फिरला. बाग नवी होती, तुषार सिंचन नुकतंच बसवलं होतं आणि मला त्याचा भारी अभिमान. रात्रभर पाणी चाललं, पहाटे प्रत्येक फांदीवर काचेसारखा बर्फ, आतून गुलाबी कळी स्वच्छ दिसते आहे, बर्फाच्या टोकांवरून थेंब गळताहेत. सूर्य वर आला, थर्मामीटरने एक अंश दाखवला, मी पंप बंद केला आणि घरी जाऊन चहा ठेवला. अर्ध्या तासात वारा सुटला. कोरडा. ओल्या बर्फावरून वाफ उडायला लागली आणि त्या वाफेने फुलांतली उरलीसुरली ऊब खेचून नेली. ज्या ओळीपर्यंत पाइप पोचला नव्हता, ती कोरडी ओळ माझ्या भिजवलेल्या ओळींपेक्षा बरी निघाली. त्या वर्षी बाग बघायला येणाऱ्या कुणालाही मी त्या ओळीकडे नेत नसे.

त्या सकाळपासून मी हवेच्या साध्या तापमानावर पंप चालू-बंद करत नाही, ओल्या थर्मामीटरवर करतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो तो. हवा दोन अंश आणि दवबिंदू उणे सहा असेल, तर ओला थर्मामीटर उणे एकच्या आसपास दाखवतो. म्हणजे ‘अजून दोन अंश आहेत’ म्हणत पाणी सुरू केलंत तर पहिल्या काही मिनिटांत फुलं शून्याखाली गेलीच समजा. म्हणून ओला थर्मामीटर शून्याच्या वर असतानाच सुरू करायचं, आणि सकाळी तो शून्याच्या वर चढेपर्यंत, बर्फ आणि फांदी यांच्यामध्ये पाणी सुटून बर्फाचे तुकडे आपोआप पडायला लागेपर्यंत, बंद करायचं नाही. चहा नंतर.

किती पाणी? वारा नसेल आणि उणे दोन-तीनची थंडी असेल तर तासाला सुमारे तीन मिलिमीटर लागतं. एका हेक्टरला ताशी तीस हजार लिटर. तुमची साठ झाडं पाच-पाच मीटरवर असतील तर दीड हजार चौरस मीटर, म्हणजे ताशी साडेचार हजार लिटर, आठ तासांचे छत्तीस हजार. इतकं पाणी साठ्यात आहे का, पंप सलग आठ तास चालेल का, वीज गेली तर दुसरी सोय आहे का? तिन्हींपैकी एकालाही ‘बहुतेक’ असं उत्तर असेल तर सुरू करू नका. मध्येच बंद पडलेलं पाणी हे न मारलेल्या पाण्यापेक्षा वाईट. आणि फवारा प्रत्येक फांदीवरून मिनिटाला एकदा तरी फिरायला हवा. बागकामाच्या नळीने फिरून पाणी मारणं हा तर झाड मारायचा खात्रीचा मार्ग आहे.

पाणी पुरतं आहे की नाही हे बर्फच सांगतो. विजेरी घेऊन फांदी बघा. बर्फ पारदर्शक, त्याच्या टोकांना थेंब लोंबताहेत: ठीक. बर्फ दुधासारखा पांढरा, कोरडा: पाणी कमी पडतं आहे, फूल आत मरतं आहे. आणि लहान झाडं असतील तर टेकू द्या, बर्फाच्या वजनाने फांद्या मोडतात.

तुमच्या प्रश्नात सिंचनाची कोणती सोय आहे ते लिहिलेलं नाही. ठिबक असेल तर वरून पाणी मारायचा विचारच सोडा आणि जमीन भिजवण्यावर थांबा. मला विचाराल तर साठ झाडांच्या बागेत, उणे दोनच्या अंदाजाला, मी ओली जमीन, कापलेलं गवत, मोकळी वाट, जर्दाळूवर कापड आणि खालच्या कोपऱ्यात बारा-पंधरा छोटे विस्तव इतकंच करीन.

फवारणीच्या औषधांबद्दलही लोक विचारतात, फुलाला ‘थंडी लागू न देणारी’. यामागचं शास्त्र खोटं नाही. फुलातलं पाणी शून्याला लगेच गोठत नाही; गोठायला एखादा कण, एखादं निमित्त लागतं. स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा जिवाणू पानाफुलांवर राहतो आणि तो हेच निमित्त पुरवतो, उणे दोन-तीनलाच बर्फाचा पहिला स्फटिक जमवतो. त्याचा हा गुण काढून टाकलेला जिवाणू १९८७ साली कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी आणि बटाट्यावर शेतात फवारून पाहिला गेला. जनुकीय बदल केलेला जीव उघड्यावर सोडण्याच्या त्या पहिल्या अधिकृत चाचण्या होत्या आणि त्यावर मोठं वादळ उठलं. शेतकऱ्याच्या हाती मात्र त्यातून रोज वापरावं असं काही आलं नाही. बाटलीत मिळणाऱ्या बाकीच्या गोष्टी मी काही ओळींवर मारून आणि काही सोडून पाहिल्या. मला ओळी ओळखता आल्या नाहीत. त्या पैशांचा चौथा थर्मामीटर घ्या.

रात्र गेली की सकाळी घाईने निकाल लावू नका. पाकळ्या फसवतात. पाकळ्या तपकिरी झाल्या आणि आतलं सगळं जिवंत, असं होतं. पाकळ्या टवटवीत, मधमाश्या येताहेत, आणि आत सगळं काळं, असंही होतं. दुपारपर्यंत, जमलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत, थांबा. मग दाढीचं नवं पातं घ्या, कळी बोटांत धरा आणि देठाच्या जरा वर आडवी कापा. मधोमध हिरवट-पांढरा ओलसर ठिपका दिसला तर ती जगली. तो ठिपका तपकिरी किंवा काळा असेल तर ते फूल वरून कितीही देखणं असो, गेलं. उमललेलं फूल असेल तर स्त्रीकेसराचा मधला दांडा बघा. सुकलेल्या दोऱ्यासारखा काळपट झाला असेल तर फळ धरणार नाही. खालचा कोपरा, मध्य, वर, आणि प्रत्येक ठिकाणी झाडाच्या खालच्या व वरच्या फांद्या, अशा प्रत्येक जागेच्या निदान पन्नास कळ्या कापा. कंटाळवाणं काम आहे. पण याच्याशिवाय पुढचा कोणताच निर्णय घेता येत नाही.

सफरचंदाच्या घोसात मधली कळी, राजकळी, सगळ्यात आधी उमलते, म्हणून सगळ्यात आधी तीच मरते. काळ्या ठिपक्यांच्या यादीत राजकळ्या जास्त दिसल्या तर हाय खाऊ नका. बाजूच्या चार-पाच कळ्या मागे असतात. आणि सफरचंदाला भरघोस पीक यायला शंभरातली पाच-दहा फुलं धरली तरी पुरतात. एरवी आपण विरळणी करून काढून टाकतोच. म्हणजे निम्मी कळी गेली तरी पीक जवळपास पूर्ण येऊ शकतं, फक्त विरळणीचं काम वाचतं. जर्दाळू आणि चेरीचं तसं नाही. त्यांना फुलांचा मोठा वाटा टिकावा लागतो. जगलेल्या फळांवर पुढे कमरेभोवती खरखरीत पट्टा उमटलेला दिसेल, तो त्या पहाटेचा व्रण. खायला ते फळ चांगलंच असतं.

असं आपल्याच वाट्याला आलं असं तुम्हाला वाटत असेल, तर तेवढं खरं नाही. २०१२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या मिशिगनमध्ये उन्हाळ्यासारखी हवा पडली, झाडं महिनाभर आधी जागी झाली, आणि एप्रिलच्या गोठवणाऱ्या रात्रींनंतर सफरचंदाचं पीक नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आलं. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समध्ये तसंच झालं. मार्चअखेरची विक्रमी ऊब आणि लगेच आठवड्याभरात द्राक्ष, जर्दाळू, सफरचंद सगळ्यांवर गोठण. नंतर अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा निघालं ते असं: थंडीच्या रात्री पूर्वीपेक्षा सौम्यच झाल्या आहेत, पण झाडं त्याहूनही लवकर उठू लागली आहेत, म्हणून फुलावर थंडी पडण्याची शक्यता वाढली आहे. त्याच वर्षी क्योटोतल्या चेरीला २६ मार्चला पूर्ण बहर आला, बाराशे वर्षांच्या तिथल्या नोंदींतला तोपर्यंतचा सगळ्यात लवकरचा. त्यामुळे ही घटना पुन्हा येणार, असं धरूनच बाग चालवायला हवी.

त्या दृष्टीने, पण पुढच्या हंगामासाठी. नवं झाड लावायचं तर खालच्या कोपऱ्यात उशिरा फुलणारं सफरचंद, आणि जर्दाळू उतारावर वर. लोक उलट करतात. जर्दाळूला ऊब हवी म्हणून भिंतीच्या आडोशाला, उन्हाच्या तोंडावर लावतात, आणि तो आणखी आठ दिवस आधी फुलतो. त्याला हिवाळ्याच्या शेवटी ऊन कमी मिळणारा उतार द्या, तेवढाच उशिरा उठेल. हिवाळ्यात खोडं चुन्याने रंगवली तर खोडाची साल दिवसा तापून रात्री तडकण्यापासून वाचते. फुलोरा त्याने फार लांबतो असं मला दिसलं नाही.

राहिला छाटणीचा प्रश्न. तुम्ही लिहिलं आहे की पीचची छाटणी अर्धी झाली आहे, आता उरकून घेऊ का. थांबा. छाटलेलं झाड लवकर जागं होतं आणि थंडीला जास्त नाजूक असतं. शिवाय आता कापलीत तर कोणत्या फांदीवरची फुलं मरणार आहेत हे माहीत नसताना कापाल. थंडी जाऊ द्या, पातं घेऊन कळ्या मोजा, आणि मग ज्या फांद्यांवर जिवंत फुलं आहेत त्या राखून बाकीचं कापा. अर्ध्या छाटलेल्या आणि न छाटलेल्या झाडांच्या कळ्या वेगवेगळ्या मोजा. कोणती किती जगली ते मलाही कळवा.